फ्रेंच कादंबरीतली होडी

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या लायब्ररीने एका फ्रेंच लेखिकेचं स्मरण करायचं ठरवलं. एकोणिसाव्या शतकातली बाई, खेड्यापाड्यातल्या माणसांवर लिहिणारी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जी फजिती झाली ती माझी झाली. त्यात तिला कशाला ओढायचं.

आमचं गाव इथे परदेशात, शॉमबर्ग शहराच्या पलीकडचं, ऑफिसं आणि पार्किंग लॉट यांच्यामध्ये थोडी जागा उरली म्हणून वसवल्यासारखं. अशा गावात फ्रेंच लेखिकेचं काय काम, हे मला विचारू नका. दाराजवळ काचेच्या तीन पेट्या मांडल्या होत्या. भिंतीवर तिच्या घराचे, बागेचे, हस्ताक्षराचे मोठे केलेले फोटो होते. महिनाभर दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या पुस्तकांचं वाचन. आणि खाली एक कागद चिकटवलेला: या लेखिकेचं पुस्तक तुमच्या घरी असेल, कुठल्याही भाषेतलं, तर आणा, आम्ही ते पेटीत ठेवू.

माझ्या घरी होतं. म्हणजे माझं नव्हे, सासूबाईंचं.

सासूबाईंना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्यांच्या खोलीतलं मी फारसं काही हलवलं नव्हतं. पुस्तक त्यांच्या उशापाशीच होतं, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, त्यामुळे वरून कुठल्या तरी वर्षाचा भाद्रपद दिसायचा. आत पहिल्या पानावर ‘एका फ्रेंच कादंबरीच्या आधारे’ असं छापलेलं आणि प्रस्तावनेत मूळ कादंबरीचं आणि या लेखिकेचं नाव. पूर्वी अशी पुस्तकं आपल्याकडे पुष्कळ निघत. भाषांतर नव्हे, रूपांतर. म्हणजे फ्रान्समधलं खेडं उचलून कृष्णाकाठी आणून ठेवायचं, माणसांना मराठी नावं द्यायची, त्यांना भाकरी-पिठलं खायला घालायचं आणि रूपांतरकाराच्या मनाला पटेल तिथपर्यंतच गोष्ट जाऊ द्यायची.

मी ते कधी वाचलं नव्हतं. सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, मी मराठी घेऊन एम.ए. झालेली. रूपांतरित कादंबऱ्यांबद्दल आमच्या प्राध्यापकांचं मत वाईट होतं, म्हणून माझंही वाईट होतं. मूळ लेखिका मी इंग्रजीतून वाचणार होते, कधीतरी, निवांतपणी. तो निवांतपणा काही आला नाही. पण ऐकलं मात्र होतं, तेही अनेकदा. जेवणं झाली की मी कपड्यांच्या घड्या घालत बसायचे आणि सासूबाई मोठ्याने वाचायच्या. त्यांना मनात वाचताच येत नसे. ‘आवाजाशिवाय वाचलं की पोटात काही गेल्यासारखंच वाटत नाही गं,’ म्हणायच्या.

आम्ही दोघीच कशा, तेही सांगते. नवरा गेला तेव्हा सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. हार्ट अटॅक, एका दुपारी, ऑफिसात. पुण्याला दीर-जाऊ होते, ते म्हणाले, आई आता इकडे या. सासूबाई म्हणाल्या, येते, जरा पोरीची शाळा संपू दे. पोरीची शाळा संपली, कॉलेज संपलं, ती लांब हर्नडनला नोकरीला लागली. सासूबाई येते येते म्हणत इथेच राहिल्या. नऊ-दहा वर्षं. या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते ‘बसस्टॉपच्या बाकावर बसणारी ती साडीवाली म्हातारी’ म्हणून.

तेव्हा मला वाटलं, एवढं तरी करावं. ही बाई आयुष्यभर जिला वाचत आली तिच्या शेजारी, काचेच्या पेटीत, तिचं पुस्तक बसावं. ती नुसती बाकावरची म्हातारी नव्हती, वाचक होती, हे इथे चार जणांनी बघावं. हेतू चांगला होता, हे मी स्वतःच्या बाजूने नोंदवून ठेवते. पुढे नोंदवण्यासारखं फार काही नाही.

प्रदर्शनाचं काम बघणारी लायब्रेरियन उंच आणि उत्साही होती. पुस्तक हातात घेऊन तिने भाद्रपदाचे आकडे निरखले. ‘किती सुंदर मुखपृष्ठ!’ म्हणाली. मी खुलासा केला नाही. मग म्हणाली, ‘गुरुवारी पाच मिनिटं वाचाल का यातलं?’

इथे माझा एम.ए. जागा झाला. मी म्हटलं, ‘मराठीतून वाचून कुणाला कळणार? त्यापेक्षा मी त्यातला सर्वांत उत्तम प्रसंग इंग्रजीत सांगते.’ पुस्तक स्वतः न वाचता त्यातला सर्वांत उत्तम प्रसंग कोणता हे ठरवायला बरीच वर्षं साहित्याचा अभ्यास लागतो.

प्रसंग मला पाठ होता. सासूबाईंनी तो एकदाच वाचला होता, पण मी विसरले नव्हते. खेड्यात एक विधवा सून आणि तिची सासू राहतात. नदीपलीकडच्या गावचा एक सज्जन माणूस सुनेला मागणी घालतो. सून काहीच बोलत नाही, कारण सासू एकटी पडेल. मग एके सकाळी सासूच तिचं गाठोडं बांधते, स्वतः डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जाते, होडीत ठेवते आणि म्हणते, ‘जा. मागे वळून बघू नकोस. तू वळलीस की मी तुला परत बोलवीन.’ सून हो म्हणते, आणि वळायलाच नको म्हणून उलटी, पाठीमागे पाऊल टाकत, सासूकडे तोंड करूनच होडीत चढते.

गुरुवारी बारा-तेरा माणसं होती. मी मूळ कादंबरीचं नाव घेतलं आणि हे सगळं सांगितलं. वर थोडी डागडुजीही केली: सासूबाईंच्या वाचनात सून निघण्यापूर्वी गच्चीवर सांडगे वाळत घालते, मी तिथे शेंगा वाळत घातल्या. तुळशीच्या जागी लॅव्हेंडर लावलं. रूपांतराला नाकं मुरडणाऱ्या बाईने पाच मिनिटांत आणखी एक रूपांतर उरकलं. शेवटी दोन वाक्यं लेखिकेच्या प्रतिभेबद्दल बोलले. उलटं चालत जाण्याची कल्पना, मी म्हटलं, केवळ तिलाच सुचू शकते. टाळ्या झाल्या.

पहिल्या रांगेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं इथल्या हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवलं होतं, म्हणून मी त्यांना मनात ‘फ्रेंचच्या बाई’ म्हणायला लागले होते. त्यांनी हात वर केला.

‘फार छान प्रसंग आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण मला तो आठवत नाही.’

‘पुस्तकाच्या शेवटी शेवटी येतो,’ मी म्हटलं. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

‘ही कादंबरी मी पंचवीस वेळा शिकवली असेन. माझा काही गोंधळ होत असेल तर सांगा. पण या नायिकेला सासूच नाही.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना शांत आवाजात कळवणं हे माझं वीस वर्षांचं काम. त्या शांत आवाजाच्या दुसऱ्या टोकाला बसून कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

लायब्रेरियनने माझी सुटका केली. म्हणाली, ‘मराठी आवृत्तीत वेगळं असेल! हे तर फारच इंटरेस्टिंग आहे. तुम्ही शनिवार-रविवार पुस्तक घरी न्या, ते पान शोधा. आपण पेटीत पुस्तक त्याच पानावर उघडून ठेवू. शेवटच्या गुरुवारी तुम्ही त्याबद्दल बोला.’

शनिवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर पुस्तक घेऊन बसले. चौदा महिने ते प्रस्तावनेपुढे उघडलं नव्हतं, कारण उघडलं की त्यांचा आवाज येईल अशी भीती होती. आवाज वगैरे काही आला नाही. बारीक टाइप होता, आणि पानांना त्यांच्या बामचा वास. मी पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचत गेले. रूपांतरकाराने नायिकेला सासू दिली होती खरी. सासूशिवायचं घर मराठी वाचकाला पटलं नसतं, असं त्याला वाटलं असावं. मला हायसं वाटलं. मग चाळिसाव्या पानावर सासू तापाने मेली.

मी मागची दोन पानं पुन्हा वाचली. मेलीच होती. चंदनाचा टिळा, गंगाजल, सगळं रीतसर. पुढच्या दोनशे पानांत ती कुठून नदीवर येणार? तरी मी शेवटपर्यंत वाचलं. नदी होती, पण तिच्यातून कुणी कुठे जात नव्हतं, नायिका घागर भरून घरी यायची. सज्जन माणूस होता, तो एका प्रकरणात येऊन आजारी पडला आणि गेला. शेवटी नायिका काशीला निघाली. होडी नाही. गाठोडं नाही. सांडगेसुद्धा नाहीत.

दुपारचे चार वाजले होते. मी पहिल्यांदा मनात सासूबाईंचीच चूक काढली. दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं त्यांनी याच्यात मिसळलं असेल. म्हातारपण. आणि मी ते पुस्तक काचेच्या पेटीत ठेवून सगळ्या गावाला दाखवलं होतं: बघा, आमच्या सासूबाई, थोर वाचक, काय वाचलं ते न आठवणाऱ्या.

रविवारी लेकीचा फोन आला. ती दर रविवारी अकराला करते, बहुतेक कपडे मशीनमध्ये टाकून. मी तिला सगळं सांगितलं.

‘वेट. तू ते लायब्ररीत सांगितलंस? लोकांसमोर?’

‘हो ना. आणि आता ते पान सापडत नाही.’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ.

‘आई, सीरियसली? पान कसं सापडेल? आजीने ते मेक अप केलं होतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे पुस्तकात बघून बघून मनातलं सांगत होती, यार. आधी दोन दिवस तिने माझ्यावर प्रॅक्टिस केली. मला विचारलं, होडी घालू की बैलगाडी? मी म्हटलं, आजी, इट्स फ्रान्स, बैलगाडी नको.’

‘आणि ते उलटं चालत जाणं?’

‘ते माझं! मी म्हटलं, आईला मागे बघू नको सांगितलं तर ती काय करेल माहितीये? टेक्निकली करेक्ट राहून उलटी चालत जाईल. आजी एवढी हसली.’

लेखिकेची प्रतिभा ती ही. तेव्हा बारावीत होती.

मी म्हटलं, ‘पण कशासाठी?’

आता ती हसायची थांबली. ‘तुला खरंच नाही कळलं? ते चँडलरचे काका, आई.’

ते चँडलरचे काका. मूळचे नागपूरचे, बायको जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मंडळात गणपतीच्या वेळी माझ्याबरोबर पुस्तकांचा स्टॉल सांभाळायचे. नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी त्यांची कंपनीने चँडलरला बदली केली. निघण्यापूर्वी एकदा घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले, ‘तिकडे बर्फ काढावा लागत नाही. घरंही मोठी आहेत. तुम्ही विचार करा.’ मी म्हटलं, ‘पण उन्हाळा फार कडक असतो म्हणे.’ मला अर्थ कळला नव्हता असं नाही. पण ऐन वेळी माझ्या तोंडून हवामानच निघालं. सासूबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असेल, हे मला त्यानंतर कधी वाटलंच नाही.

‘आम्ही प्लॅन केलं होतं,’ लेक सांगत होती. ‘आजी म्हणाली, तोंडावर सांगितलं तर ती लाजेल, नाहीतर रडेल. पुस्तकातलं म्हणून सांगू. पुस्तकाचं ती ऐकते. मी जिन्यात बसले होते तू काय म्हणतेस बघायला. आठवतंय तू काय म्हणालीस?’

आठवत होतं. आता ते माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

‘तू म्हणालीस,’ तिने माझा आवाज काढला, ‘प्रसंग चांगला आहे हो आई, पण सासूचं पात्र एकदम बदलल्यासारखं वाटतं. त्याची आधी तयारी हवी होती.’

‘मग?’

‘मग काय. आजी म्हणाली, असेल बाई. आणि पुस्तक मिटून झोपायला गेली.’

माझ्या हातात पेन्सिल होती. ती मी टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली.

‘नंतर मला म्हणाली,’ लेक म्हणाली, ‘माझ्यासाठी अडकून राहिलीये ती. माझ्यामुळे तिचं सगळं राहिलं. पुढेसुद्धा म्हणायची, मधून मधून.’ मग तिने विचारलं, ‘तशी राहिली होतीस का तू, आई?’

मी म्हटलं, ‘गॅसवर दूध आहे,’ आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

ते गृहस्थ तिकडे सुखात आहेत, लग्नही केलं त्यांनी, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हे मी बराच वेळ तपासून पाहिलं. वाईट याचं वाटत होतं की एका बाईने माझ्यासाठी मेलेल्या सासूला चाळिसाव्या पानावरून उठवून, गाठोडं देऊन नदीवर पाठवलं, आणि मी घड्या घालता घालता तिला पात्ररचनेवर दोन शब्द सुनावले. त्यावर ती सात वर्षं असं समजून राहिली की मी केवळ कर्तव्य म्हणून तिच्यापाशी आहे. आणि तसंच समजून गेली. दवाखान्यातही एकदा म्हणाल्या होत्या, ‘तुझं फार अडलं माझ्यापायी.’ मला वाटलं, ऑफिसच्या रजेबद्दल बोलतायत. मी म्हटलं, ‘नाही हो, रजा शिल्लक आहे.’

शेवटच्या गुरुवारी जाऊ नये असं मी ठरवलं. ईमेल लिहायला घेतली: प्रकृती बरी नाही. मग वाटलं, पेटीत लायब्रेरियनने पुस्तकासाठी कार्ड लावलंय, त्यावर लिहिलंय की होडीचा प्रसंग या लेखिकेचा आहे. म्हणजे जे एकच पान सासूबाईंनी आयुष्यात रचलं, तेही मी दुसऱ्या बाईच्या नावावर करून आले होते. ते तरी मोकळं करायला जायला हवं होतं. मी ईमेल पुसली.

गेले. पुन्हा तेवढीच माणसं, फ्रेंचच्या बाई पहिल्याच रांगेत. मी उभी राहिले आणि सांगितलं की पान सापडलं नाही, ते नव्हतंच. लेखिकेचा या प्रसंगाशी संबंध नाही. रूपांतरकाराचाही नाही. तो माझ्या सासूबाईंनी रचला, होडी माझ्या मुलीच्या सल्ल्याने घेतली, उलटं चालणंही मुलीचंच. शेंगा आणि लॅव्हेंडर माझे, त्याबद्दल क्षमा असावी. आणि तो कुणासाठी रचला होता, तेही सांगितलं. हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं.

लायब्रेरियनने तोंडावर हात ठेवला. फ्रेंचच्या बाई मात्र वर्गात धडा चालू असल्यासारख्या पुढे झुकल्या.

‘मग तुम्ही काय उत्तर दिलंत त्यांना?’

‘मी म्हटलं, सासूचं पात्र एकदम बदललंय. आधी तयारी हवी होती.’

खोली हसली. फ्रेंचच्या बाई सर्वांत जास्त. मीही हसले, विनोद चांगला होता आणि माझा होता. हसू ओसरलं तशी त्यांनी डोळे पुसले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना ज्याची भीती वाटत असणार अशा सरळ आवाजात म्हणाल्या, ‘ती समीक्षा झाली. मी उत्तर विचारलं.’

पाय दुखायला लागले होते. भिंतीवर त्या लेखिकेच्या बागेचा फोटो होता, तिकडे मी बघत राहिले. खरं तर उत्तर फार साधं होतं, इतकं की माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला ते कधी बोलून दाखवण्यालायक वाटलं नसावं. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी पार्किंगमध्ये गाडी लावायचे तेव्हा वरच्या खिडकीत दिवा असायचा, आणि मला घाई व्हायची. आज काय वाचणार, कुणाची नक्कल करणार, बसस्टॉपवर कोण भेटलं. मी कुणासाठी थांबले नव्हते. मला तिथेच राहायचं होतं.

‘मला जायचं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘मला त्यांच्याबरोबर राहायला आवडायचं.’

इंग्रजीत ती दोन फार लहान वाक्यं झाली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्या तिथे नव्हत्या. ऐकणारी तेरा माणसं, त्यांतली निम्मी कॉफीसाठी आलेली. पण बोलायचं राहून गेलेलं बोलायला मला तीच मिळाली.

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. ‘शेवटचं ऐकू आलं नाही,’ म्हणाले. ‘जरा मोठ्याने सांगाल का?’

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आधी इंग्रजीत. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, मराठीत.